निळ्या सुतळीची गाठ

ताईला पालींचा भारी राग आहे, असं लोक म्हणत. लोकांचं काय, जिभेला हाड नसतं. पस्तीस वर्षं जिने रोपवाटिकेत कुंड्यांच्या बुडाखाली हात घालून पाली शोधल्या, तिला पालींचा राग असणारच, असा त्यांचा तर्क. खरं म्हणजे तिने आयुष्यात एकही पाल मारली नाही. कुंडीखाली सापडली की तिची शेपटी न तुटू देता ती डब्यात घ्यायची आणि जेवणाच्या सुट्टीत मागच्या विटांच्या ढिगावर नेऊन सोडायची. "इथे राहा, हवे तेवढे किडे खा. फक्त प्रवासाला निघू नकोस," असं तिला बजावायची. पाल ऐकत नसे, ही गोष्ट वेगळी. पण ताईचं न ऐकणारी माणसंही त्या रोपवाटिकेत काही कमी नव्हती.

रोपवाटिका मोठी होती. शोभेची झाडं कुंडीसकट लाकडी पेट्यांत बसायची आणि जहाजाने समोरच्या बेटावर जायची, तिथल्या हॉटेलांच्या दारात, बँकेच्या जिन्यात, शाळेच्या ओट्यावर उभी राहायला. झाडांबरोबर पाल जाऊ नये, हे ताईचं काम. पाल परमुलखात कशी जाते, हे तिच्याच तोंडून ऐकावं. "पाल आपल्या पायांनी जाऊन जाऊन किती जाणार? या भिंतीवरून त्या भिंतीवर. तिला नेतो माणूस. घर बदललं की कपाटाच्या पाठीला चिकटून जाते, घड्याळामागे बसून जाते, गुंडाळलेल्या चटईत झोपून जाते. माणूस पोचला की पहिलं काय करतो? दिवा लावतो. दिव्याला किडे येतात. झालं, हिची पंगत बसली." पण पालीपेक्षा तिला धास्ती अंड्यांची. एका वेळी दोन, वाटाण्याएवढी, पांढरी, टणक कवचाची. कुंडीच्या दुमडलेल्या काठाआड घालून आई निघून जाते, आणि ती दीड-दोन महिने तिथेच पडून राहतात. कुणी उबवायला लागत नाही, कुणी राखायला लागत नाही.

म्हणून तिची पद्धत ठरलेली. कुंडी आडवी करायची. काठाखालून बोट फिरवायचं, पूर्ण गोल, मध्ये न उचलता. बुडाच्या खाचांतून ब्रश मारायचा. मग कुंडी एक दिवस उंच फळीवर, आणि त्या फळीवर दिवा म्हणून लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोट. एवढं झालं की कुंडी पेटीत, पेटीवर झाकण, आणि झाकणावर आडव्या-उभ्या सुतळीची निळी गाठ. मालक घड्याळाकडे बघायचे, ताई कुंडीकडे. इतक्या वर्षांत दोघांची नजरानजर फारशी झाली नाही.

ही गाठ तिच्या वडिलांची. ते बंदरावर ओझी वाहायचे. गाठ एकदा आवळली की सुटत नाही, कापावीच लागते, आणि सुतळीचं बोटभर शेपूट एका अंगाला उरतं. वडिलांनी ती दोघांनाच शिकवली, ताईला आणि तिच्या धाकट्या भावाला. बेटावरच्या बंदरात तपासनीस इतरांच्या पेट्या उघडून बघत. निळी गाठ दिसली की पेटी तशीच पुढे सोडत. नियम असा कुठे लिहिलेला नव्हता. वर्षानुवर्षं त्या गाठीखाली काही सापडलं नाही, एवढंच. ताईला कुणी हार घातला नाही, बढती दिली नाही, तिने मागितलीही नाही. आपली पेटी कुणी उघडत नाही, एवढ्यावर ती बाई खूश होती.

भावाला सगळे छोट्या म्हणत. छोट्या पंचेचाळीस वर्षांचा होता, डोक्यावर टक्कल होतं, दोन मुलींचा बाप होता, पण नाव काही त्याच्याबरोबर वाढलं नाही. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा आणि ताई तेराची. तेव्हापासून त्याचं नाक पुसण्यापासून लग्न जुळवण्यापर्यंत सगळं ताईनेच केलं. तू का नाही केलंस लग्न, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "राहून गेलं." रोपवाटिकेत त्याला चिकटवलं तेही तिनेच. एकाच घरात राहायचे दोघं. खाली त्याचा संसार, वरच्या खोलीत ही. छोट्या डावखुरा. शाळेत मास्तरांनी एकदा त्याचा डावा हात बाकाला बांधून ठेवला होता, तर ही पोर सरळ वर्गात घुसली आणि हात सोडवून भावाला घरी घेऊन आली. "त्याचा हात आहे, त्याला हवा तसा वापरेल," असं मास्तरांना तोंडावर सांगून.

बेटावरून अधिकारीबाई आल्या तो बुधवार होता. मालकांनी ताईला ऑफिसात बोलावलं. टेबलावर एक काड्यापेटी होती आणि एका पारदर्शक पिशवीत कापून काढलेल्या निळ्या गाठी.

"ही गाठ इथे कोण बांधतं?" बाईंनी विचारलं.

ताईचा ऊर भरून आला. इतकी वर्षं जिच्या गाठीला पलीकडे मान होता, तिला बघायला पलीकडून कुणीतरी आलं होतं. ती म्हणाली, "मी. जगात दोघांनाच येते ही. मला आणि माझ्या भावाला. तिसरं माणूस शोधून दाखवा."

मालकांनी खोकून पाहिलं, पण शब्द बाहेर पडले होते. बाईंनी काड्यापेटी उघडली. आत कापसावर चार अंडी होती. एक फुटलेलं, रिकामं.

"जहाजातून उतरवताना एक पेटी फुटली. तिच्यात ही दोन निघाली, म्हणून शेजारच्या दोन पेट्या उघडल्या, त्यांत बाकीची दोन. तिन्हींवर निळी गाठ होती." बाई चढ्या आवाजात बोलत नव्हत्या, त्यामुळे ते जास्त लागत होतं. "ताई, आमच्या बेटाची स्वतःची एक पाल आहे. बारीक, तपकिरी, अंगठ्याएवढी. झाडाच्या सालीत राहते. संध्याकाळी आमच्या घरासमोरच्या दिव्याखाली यायची, आम्ही लहानपणी मोजत बसायचो. गेल्या दोन वर्षांत ती दिव्याखाली दिसेनाशी झाली. तिथे तुमच्याकडच्या जाड्या पाली बसल्यात. आधी बंदराजवळच्या हॉटेलात दिसल्या, मग बँकेत, मग शाळेत."

ती यादी ताईला पाठ होती. झाडं त्याच क्रमाने गेली होती.

"एक मादी पोचली तरी पुरते," बाई म्हणाल्या. "सोबत नर नसला तरी कित्येक महिने अंडी घालू शकते." मग त्यांनी पर्समधून आणखी एक गाठ काढली. "ही जुनी. आमच्या एका तपासनीसाने आवडली म्हणून ठेवून दिली होती. हिचं शेपूट उजवीकडे आहे. या तिन्हींचं डावीकडे. मी शनिवारी येते. तुम्ही दोघं माझ्यासमोर एकेक गाठ बांधून दाखवा."

अशा वेळी मनात शंकेची पाल चुकचुकली, असं म्हणायची पद्धत आहे. इथे ती सोय नव्हती, कारण शंकाच उरली नव्हती. वडिलांनी दोघांना एकच गाठ शिकवली, पण डाव्या हाताने आवळली की शेपूट डावीकडे पडतं, हे ताई चाळीस वर्षं बघत आली होती. तिच्या तोंडातून एवढंच निघालं, "बरं."

ती तडक मागच्या नव्या शेडमध्ये गेली. तिथे ती क्वचितच जायची. मालक म्हणाले होते की तिथला माल जवळपासचाच असतो, त्याला तपासणी नको. शेडमध्ये भरदिवसा चार मोठे दिवे चालू होते. दिव्यांभोवतीच्या भिंतीवर पाली निवांत बसल्या होत्या, एक तर चक्क भरलेल्या पेटीच्या कडेवर. छोट्या हातात निळी सुतळी घेऊन उभा होता.

"किती दिवस चाललंय?" ताईने विचारलं.

काय चाललंय, हे त्याने विचारलं नाही. "झाली दोन वर्षं."

"कुंडीखालून बोट तरी फिरवतोस का?"

"ताई, दिवसाला चाळीस पेट्या जातात इथून. तुझ्याकडून होतात बारा. मालक म्हणाले, बाकी सोड, गाठ तेवढी मार."

"आणि तू मारलीस."

"मग काय करू? तू एकेका कुंडीला पाळण्यात घातल्यासारखी करतेस. तुझ्या नादाने धंदा बसला असता."

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?"

ताईने आजूबाजूला पाहिलं. पेट्या ठोकणारा सुतार खिळे तोंडात धरून खाली बघत होता. पाणी मारणाऱ्या दोघी पाइपशी चाळा करत होत्या. हीच माणसं रोज तिच्या शेजारी बसून डबा खायची, तिच्या गुडघ्याची चौकशी करायची. दोन वर्षं रोज. ताईच्या तेव्हा लक्षात आलं की छोट्याच काय, अख्खी रोपवाटिका अळीमिळी गुपचिळी करून बसली होती.

"तुम्हालाही माहीत होतं?" तिने सुताराला विचारलं.

त्याने खिळे काढून हातात घेतले. "ताई, आम्हाला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल. म्हणून नाही सांगितलं."

काय पण काळजी! एखाद्याच्या पाठीत सुरी खुपसायची आणि दुखेल म्हणून त्याला सांगायचं नाही, अशातली गत. ताईला तिथे ओरडावंसं वाटलं. पण छोट्याचा चेहरा एकदम उतरला होता, आणि तो उतरला की हिला काही सुचत नसे. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, मला काढून टाकतील गं. या वयात मी जाऊ कुठे? पोरींना काय सांगू?"

"ती बाई शनिवारी गाठ बांधून घेणार आहे. शेपूट कुठे पडतं ते बघणार आहे."

"मग मेलोच मी."

"मेलोबिलो काही म्हणू नकोस. तू नेहमीसारखी बांध. पुढचं मी बघते."

"काय बघशील?"

"बघते म्हटलं ना."

तिने काय ठरवलं होतं, ते त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने तिला तसं करू दिलं नसतं, असं तिला वाटलं. बाईमाणूस शहाणं होतं, पण भावापुढे शहाणपण गहाण पडलेलं.

गुरुवारी आणि शुक्रवारी कामावरून आल्यावर ती खोलीचं दार लावून टेबलाच्या पायाशी बसली. टेबलाच्या पायाला निळी सुतळी गुंडाळायची आणि डाव्या हाताने गाठ मारायची. जन्मात ज्या हाताने धड भाजी चिरली नाही, त्या हाताने. सुतळी निसटायची, बोटं एकमेकांत अडकायची. पण शेवटी जमलं. शेपूट डावीकडे पडलं. आता शनिवारी दोघांच्याही गाठी डाव्या निघतील. मग ती सांगणार होती, त्या तीन पेट्या माझ्या, डोळे कमी झालेत, चुकलं. आपली अशी किती वर्षं उरलीत? जाईल नाव, जाऊ दे. असं स्वतःला समजावताना तिला रडू कोसळलं, कारण त्या नावाखेरीज तिच्याकडे दुसरं काही नव्हतंच. खालून छोट्याची खुर्ची सरकल्याचा आवाज येत होता. पुन्हा सरकली. पुन्हा. बिचाऱ्याला चैन पडत नाहीये, असं तिला वाटलं, आणि तिने डोळे पुसून सुतळी पुन्हा गुंडाळली.

शनिवारी सकाळी पुढच्या शेडमध्ये सगळे गोळा झाले. मधोमध एक रिकामी पेटी. अधिकारीबाई वही घेऊन उभ्या, मालक हाताची घडी घालून.

"आधी ताई," बाई म्हणाल्या.

ताईने सुतळी डाव्या हातात धरली. एकदा निसटली, तिने पुन्हा पकडली, वळसा घातला, आवळली. शेपूट डावीकडे पडलं. शेडमधल्या प्रत्येकाने ते पाहिलं, आणि तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं की ताई उजव्या हाताची आहे. तिने छोट्याकडे पाहिलं. तो आधी चकित झाला. मग त्याला समजलं. ताईने काय केलं आणि कुणासाठी केलं, हे सगळं त्याच्या चेहऱ्यावर लख्ख उमटलं. तिला बरं वाटलं.

मग छोट्या पुढे आला आणि त्याने उजव्या हाताने गाठ बांधली.

घाई नाही, गडबड नाही. सराईतासारखी. शेपूट उजवीकडे. दोन दिवस खालची खुर्ची का सरकत होती, ते ताईला आत्ता कळलं. तरीही तिने त्याला मनातल्या मनात माफ केलं. घाबरला असेल, स्वतःची कातडी वाचवायला शिकला असेल. आपण काय करणार आहोत, हे त्याला कुठे माहीत होतं?

बाईंनी दोन्ही गाठी न्याहाळल्या. भुवया उंचावून विचारलं, "ताई, तुम्ही डावखुऱ्या आहात?"

ताई हो म्हणणारच होती. तोंड उघडलंही होतं. पण तिच्याआधी छोट्या बोलला.

"हो ना. लहानपणापासून. शाळेत मास्तर हात बांधून ठेवायचे तिचा."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आतापर्यंत तो फक्त लपला होता. आता त्याने तिचा उघडा गळा बघितला आणि केसाने कापला, तोही तिनेच एकेकाळी त्याच्यासाठी केलेल्या भांडणातला एक केस उपटून. मालकांनी मान डोलावली. सुतार छताकडे बघत होता. पाणी मारणाऱ्या दोघींपैकी एकीने पदराने तोंड पुसलं, पण तोंड काही उघडलं नाही. एवढ्या माणसांत एकही म्हणाला नाही की अहो, उलट आहे, डावखुरा तो आहे.

"वय झालं ताईंचं," मालक म्हणाले. "नजर राहिली नाही. एका माणसाची चूक आहे, बाई, रोपवाटिकेची नाही. ताई आता घरी आराम करतील. सोमवारपासून निळ्या गाठीच्या पेट्या छोट्या बघेल. त्याला गाठ येतेच."

"तुम्हाला मान्य आहे?" बाईंनी वही ताईपुढे धरली. "असेल तर सही करा."

छोट्या म्हणाला, "कर गं ताई. झालं गेलं गंगेला मिळालं."

ताईने पेन घेतलं. कागदावर टेकवलं. मग ते तिथेच ठेवून दिलं.

खोटं कशाला बोला, ती बेटावरच्या अंगठ्याएवढ्या पालीसाठी थांबली नाही. सोमवारपासून चाळीस पेट्या जातील आणि त्यांच्याबरोबर अंडी जातील, हेही तिला नंतर सुचलं. तिला फक्त इतकं दुखलं होतं की हात पुढे जाईना. मागितलं असतं तर तिने सगळं दिलं असतं. दिलंच होतं की, आत्ता, सगळ्यांदेखत, सवय नसलेल्या हाताने. त्याने ते घेतलं, आणि वर तिच्या खिशातही हात घातला.

"बाई," ती म्हणाली, "हे फाडा आणि नवं लिहा. मी उजव्या हाताची आहे. डावी गाठ मी दोन दिवसांत शिकले, याला वाचवायला. हा उजवी शिकला, कशाला ते यालाच विचारा. तिन्ही पेट्या याच्या आहेत. मागच्या शेडमध्ये चला, दिव्याखाली पाली मोजून दाखवते. मालकांच्या सांगण्यावरून बांधल्यात या गाठी, दोन वर्षं. आणि इथल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. विचारा."

"ताई!" मालक ओरडले.

बाईंनी पान उलटलं. त्या सुताराकडे वळल्या. त्याने नुसती मान हलवली, होय म्हणून. पण ताईचं तिकडे लक्ष नव्हतं. ती छोट्याकडे बघत होती. तो शरमेल, निदान नजर तरी चुकवेल, असं तिला वाटत होतं.

त्याने नजर चुकवली नाही. सरळ तिच्याकडे बघत म्हणाला, "ताई, सख्खी बहीण असून तू असं करशील, असं वाटलं नव्हतं मला."

आणि त्याच्या डोळ्यांत खरोखरच पाणी होतं.